चेक इंजिनचा दिवा जातो आणि परत येतो: घरी ईसीयू रीसेट करण्याआधी काय तपासावं

बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं, अर्ध्या तासाने परत लावलं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा गेला. दोन-तीन दिवस गाडी बरी चालली. मग एक मोठी सर येऊन गेली आणि दिवा पुन्हा लागला. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत हा प्रकार इतका सर्रास दिसतो, की टर्मिनल काढणं हाच त्यावरचा इलाज असं अनेकांनी ठरवून टाकलंय. तसं नाही. टर्मिनल काढून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीचा संगणक, रीसेट करणं उपयोगाचं आहे, पण ते दोष काढून झाल्यावर.

लक्षणं

- दिवा सतत पेटलेला, न लुकलुकता. गाडी मात्र जवळपास नेहमीसारखी चालते.
- थंड इंजिनावर आयडलिंग (उभ्या गाडीत रेस न देता इंजिनाची चाल) वरखाली होतं. सिग्नलला किंवा फेरीबोटीच्या रांगेत गाडी बंद पडते, एसी लावला की थरथरते.
- चढावर पिकअप मिळत नाही. रेस दिली की क्षणभर अडखळून मग उचलते.
- ॲव्हरेज घटलंय, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो.
- सेल्फ कधी एका दमात लागतो, कधी दोन-तीनदा मारावा लागतो.
- रीसेट केल्यावर हे सगळं थांबतं आणि काही दिवसांनी त्याच क्रमाने परत सुरू होतं.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र पुढचं काहीही करत बसू नका. लुकलुकणं म्हणजे इंजिन जोरात मिसिंग करतंय, सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतंय. कन्व्हर्टर आतून वितळतो, आणि तो बदलण्याचा खर्च कॉइल किंवा प्लगच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. गाडी सावकाश बाजूला घ्या, बंद करा, टोइंग बोलवा.

रीसेटने काय पुसलं जातं

ईसीयूमध्ये दोन प्रकारची माहिती असते. एक कंपनीने कायमची भरलेली: किती आरपीएमला किती इंधन सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, चावी कोणती ओळखायची. टर्मिनल काढल्याने तिला काही होत नाही. दुसरी गाडी चालता चालता शिकलेली. थ्रॉटलवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) काजळी बसली म्हणून आयडलिंगला ती थोडी जास्त उघडायची, मिश्रण पातळ होतंय (हवेच्या मानाने इंधन कमी) म्हणून इंधन पाच टक्के वाढवायचं, अशा सवयी. या सवयी, फॉल्ट कोड (ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) आणि तो कोड आला त्या क्षणीची नोंद एवढंच रीसेटने जातं. बिघडलेला सेन्सर, कुजलेली वायर, फुटलेली नळी जागच्या जागी राहते. ईसीयू ती पुन्हा मोजतो आणि दिवा पुन्हा लावतो.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत शिकलेली माहितीसुद्धा अशा मेमरीत असते, जी बॅटरी काढली तरी पुसली जात नाही. तिथे तासभर टर्मिनल काढून ठेवलं तरी घड्याळाची वेळ जाण्यापलीकडे काही घडत नाही. अशा गाडीला स्कॅनरच लागतो.

पहिली तपासणी: कोड वाचा, पुसू नका

टर्मिनलला हात लावण्याआधी कोड लिहून घ्या. हा क्रम चुकला की पुढचं सगळं काम अंदाजावर चालतं.

स्टीअरिंगखाली, बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, १६ पिनांचा ओबीडी पोर्ट (ईसीयूला स्कॅनर जोडायची जागा) असतो. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा ईएलएम३२७ स्कॅनर पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो आणि मोबाईलवरच्या टॉर्कसारख्या ॲपला जोडता येतो. आयफोनसाठी वायफायवाला किंवा आयफोनला चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्यावा, साधा ब्लूटूथवाला त्याला जोडला जात नाही. विकत घ्यायचा नसेल तर गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे फक्त कोड वाचून घ्या आणि "पुसू नका" असं आधी सांगा, कारण वाचला की लगेच पुसायची सवय बऱ्याच ठिकाणी असते. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. तो पोर्टमध्येच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पितो.

कोडबरोबर "फ्रीझ फ्रेम" असं एक पान असतं, त्याचा फोटो काढा. कोड आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, वेग किती, हे त्यात असतं. कूलंट २८ अंश, आरपीएम ९००, वेग शून्य असं दिसलं तर दोष सकाळी गाडी चालू करतानाचा आहे. कूलंट ९२, वेग ५५ असेल तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे. त्याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) खराब असा होत नाही, उलट सेन्सर आपलं काम चोख करतोय आणि खरं तेच सांगतोय अशी शक्यता जास्त. कोडमध्ये ज्या पार्टचं नाव दिसेल तो थेट बदलून टाकणं हा या सगळ्यातला सर्वात महाग मार्ग आहे.

दुसरी: बॅटरी आणि टर्मिनल

फुकटात होणारी आणि आपल्याकडे सर्वात जास्त वेळा फळणारी तपासणी. बोनेट उघडून टर्मिनल बोटांनी फिरवून बघा. जरा जरी हललं तरी ते ढिलं. त्याच्याभोवती पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसली तर तो क्षार, आणि तो विजेच्या वाटेत बसलेला आहे.

मग मल्टिमीटर लावा. तीन-चारशे रुपयांचा साधा पुरतो, डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करायला हवी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसावं. नव्या स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत हा आकडा थोडा वरखाली होतो, त्यामुळे हेडलाईट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

हे आधी का करायचं? सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की ईसीयू त्या सेकंदापुरता गोंधळतो आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे चार-पाच कोड एकदम टाकतो. एबीएसचा, स्टीअरिंगचा, थ्रॉटलचा असे कोड एकत्र दिसले, सोबत पी०५६२ (व्होल्टेज कमी) असला, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बघा. ते ठीक झालं की बाकीचे कोड बहुधा पुन्हा येत नाहीत.

साफसफाईसाठी ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. जुना टूथब्रश घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. बॅटरीला पाणी भरायची बुचं असतील तर ती घट्ट बंद आहेत ना बघा, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मारतं. कोरडं पुसून क्लॅम्प १० च्या पान्याने घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्प बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका, शिसं मऊ असतं आणि खांब आतून तडकतो.

तिसरी: अर्थिंग

इथे थांबून काम करा. किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ आहे, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बाणावली-कोलव्यापासून हरमलपर्यंत कुठेही उघड्यावर उभी राहणारी गाडी घ्या, बॅटरीच्या निगेटिव्हमधून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या वायरीच्या टोकाला गंज चढलेलाच असतो. वरून वायर धडधाकट दिसते. बोल्ट घट्ट असतो. पण लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा बसलेला असतो, आणि पावसाळी दमट हवेत तो फुगतो. म्हणूनच दिवा पावसानंतर लागतो आणि चार कोरडे दिवस गेले की आपोआप विझतो.

नुसत्या डोळ्यांनी हा दोष कळत नाही, मोजावा लागतो. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. क्लॅम्पला नव्हे, शिशाच्या खांबालाच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला: अल्टरनेटरचा ब्रॅकेट किंवा इंजिन उचलायचा हुक. दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. ०.५ किंवा त्याहून वर गेला तर दोष सापडला. मग लाल पिन बॉडीच्या बोल्टवर ठेवून पुन्हा बघा, इंजिनची वायर खराब की बॉडीची ते कळेल. शेवटी इंजिन चालू ठेवून, हेडलाईट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावून तेच मोजा. इथे ०.१ च्या आत हवं.

०.३ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ऑक्सिजन सेन्सर बोलतोच मुळी ०.१ ते ०.९ व्होल्टच्या पट्ट्यात. ज्या सेन्सरचं अर्थ इंजिनच्या धातूतून जातं त्याच्या आकड्यात एवढी भर पडली, तर ईसीयूला वस्तुस्थितीपेक्षा वेगळंच चित्र दिसतं आणि तो त्यावर विश्वास ठेवून इंधन कमी-जास्त करत राहतो.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोला, बहुधा १० किंवा १२ चा पाना लागतो. लगची खालची बाजू आणि पत्रा, दोन्ही १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. बोल्ट घट्ट करा आणि मग वरून जेली किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं करू नका. लगजवळचं इन्सुलेशन थोडं मागे सारून बघा: तांबं हिरवं किंवा काळं पडलं असेल तर वायरच बदला, गंज आत लांबवर गेलेला असतो. नवी वायर मूळ वायरपेक्षा बारीक घेऊ नका.

बऱ्याच गाड्यांचा पुन्हा पुन्हा लागणारा दिवा इथेच कायमचा जातो.

चौथी: उंदीर आणि पाणी

पाऊस सुरू झाला की शेतातले, माडाखालचे उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात, आणि बोनेटखाली दोन्ही मिळतं. हवेच्या फिल्टरच्या डब्यात घरटं, इंजेक्टरच्या किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीचे कुरतडलेले तुकडे, बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या असं काही दिसतं का बघा. पी०१३५ किंवा पी०१४१ हे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे कोड आले तर सेन्सर मागवण्याआधी त्याचा फ्यूज आणि पूर्ण वायर तपासा. कुरतडलेल्या वायरीचं तांबं तुटलं नसेल तर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चालते. तुटलं असेल तर सोल्डर करून वर हीटश्रिंक. नुसतं पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

पाण्याचं बघायचं तर वायपरखालची जाळी आधी. आंबा, फणस किंवा काजूच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर त्या खाचेतून पाणी बाहेर जाण्याची भोकं पानांनी बुजलेली असणार. पाणी मग केबिनमध्ये किंवा वायरीच्या जुडग्यावरून आत उतरतं. काही गाड्यांत ईसीयू बॅटरीच्या शेजारी असतो, काहींत डाव्या सीटसमोर डॅशबोर्डखाली. डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागलं तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय का तेही बघा.

कनेक्टर उघडायचा असेल तर आधी चावी काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. लॉकची जीभ दाबून कनेक्टरच्या अंगाला धरून ओढायचं, वायर धरून नव्हे. पिनांवर हिरवी भुकटी असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण सुकू द्या. गंज सोडवायचा साधा तेलकट स्प्रे इथे वापरू नका, तो धूळ धरून ठेवतो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात नाही.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल, असा सल्ला इंग्रजी व्हिडिओंत कायम दिसतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे, तिथे टाकीतून गळणारी वाफ मोजावीच लागते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ही मोजणी नसते. झाकणाचा रबर मात्र बघाच, फाटलेला असेल तर पावसाचं पाणी टाकीत उतरतं.

पाचवी: हवा आणि व्हॅक्यूम

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उसगाव, धारबांदोडा, सावर्डे भागातल्या लाल धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरांच्या निम्म्यातच भरतो. ओला फिल्टर सुकवून परत लावू नका, कागदाच्या घड्या चिकटलेल्या असतात.

फिल्टरच्या पुढच्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात आणि न मोजलेली हवा आत घेतात. हे शोधायला ॲपमधले फ्युएल ट्रिमचे आकडे बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय ते. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ च्या आत म्हणजे उत्तम, १० पर्यंत चालतं. आयडलिंगला +१५ आणि उभ्या गाडीत २५०० आरपीएमला +४ असं दिसलं तर हवा गळतेय. आयडलिंगला ठीक आणि २५०० ला वाढतं, तर इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारायची जुनी पद्धत आहे, ती वापरू नका. एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो.

२०२३ च्या आधीची गाडी असेल तर ट्रिमच्या आकड्यात ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा वाटाही धरा. इथेनॉल वाढलं की त्याच हवेला जास्त इंधन लागतं. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यावर ही वाढ ४ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे जुन्या गाडीत +४ किंवा +६ हा दोष नाही, ईसीयूने केलेली योग्य जुळवणी आहे. अशी गाडी विनाकारण रीसेट केली तर ती जुळवणी जाते आणि नव्याने शिकेपर्यंत गाडी पातळ मिश्रणावर अडखळत चालते. "रीसेट केल्यावर गाडी बिघडली" या तक्रारीत बऱ्याचदा हेच असतं.

बोटीवर काम करणाऱ्यांच्या गाड्या सहा-सहा महिने उभ्या असतात. अर्धी टाकी ठेवून गेलात तर रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं, आणि इथेनॉल ते धरून ठेवतं. जाताना टाकी भरून ठेवावी.

सहावी: प्लग आणि कॉइल

पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा आकडा मिसिंग करणाऱ्या सिलिंडरचा. समजा पी०३०२ आहे. इंजिन थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढा, बहुधा १० चा एकच बोल्ट असतो, आणि ती तिसऱ्याशी अदलाबदल करा. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल करून बघा. एक रुपया न घालवता दोष पक्का होतो.

कॉइल काढताच भोकात वाकून बघा. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं असेल तर तिथे पाणी साचतं. कॉइलच्या रबरी नळीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली तर स्पार्क तिथून बाहेर पळतोय. प्लग बसवताना पहिले आटे हाताने फिरवा. तिरका बसलेला प्लग पान्याने आवळला तर हेडचे आटे जातात, आणि मग काम घरचं राहत नाही.

आता रीसेट

दोष सापडला, काढला, तरच इथपर्यंत या. स्कॅनर असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून कोड पुसा. बऱ्याच गाड्यांना तेवढं पुरतं. बॅटरी काढून करायचं असेल तर असं:

गाडी उघड्यावर, सपाट जागी लावा. पुढे इंजिन बराच वेळ चालू ठेवायचंय आणि बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. सगळं बंद करा, ड्रायव्हरची काच खाली ठेवा, चावी बाहेर. पाच मिनिटं थांबा, कारण चावी काढल्यावरही काही यंत्रणा थोडा वेळ काम करत असतात. युरिया लागणाऱ्या डिझेल गाड्यांत हे थांबणं चुकवूच नका. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा.

१० च्या पान्याने निगेटिव्ह सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडला आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो, म्हणून निगेटिव्ह काढताना पहिला आणि लावताना शेवटचा. क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. वायर कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, २० ते ३० मिनिटं. दोन्ही वायरी एकमेकींना टेकवायचा प्रकार करू नका.

परत लावल्यावर इग्निशन ३० सेकंद नुसतं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. एसी, दिवे, रेडिओ बंद ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी आयडलिंगला राहू द्या. मग पाच मिनिटं एसी लावून. सुरुवातीला आरपीएम वरखाली होईल, ते साहजिक आहे. स्टीअरिंगचा किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून मधे आणा. काच आपोआप वर जात नसेल तर पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवा. एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या) गिअरबॉक्सच्या गाडीत क्लचची शिकवणी काही वेळा कंपनीच्या स्कॅनरनेच करावी लागते, तिथे बॅटरी काढण्यापेक्षा कोड पुसणंच बरं.

मग १५-२० किलोमीटर चालवा. सलग दहा मिनिटं ५०-६० च्या वेगाने, मधूनमधून गिअरमध्येच पाय काढून गाडी स्वतःहून हळू होऊ द्या, दोन-चारदा पूर्ण थांबा. पणजी-म्हापसा कोंडीत हे जमत नाही, पहाटेचा रिकामा रस्ता बघा. आयडलिंग स्थिर होईपर्यंत चोर्ला किंवा अनमोड घाटात जाऊ नका आणि फेरीबोटीवर गाडी चढवू नका. रॅम्पवर हाफ क्लचमध्ये बंद पडली तर बाजूला पाणी आहे आणि मागच्या गाड्यांना हलायला जागा नाही.

पीयूसी काढायचं असेल तर आदल्या रात्री रीसेट करू नका. मिश्रणाची जुळवणी गेलेली असते आणि आकडे बिघडून येतात.

दिवा परत आला, पण केव्हा?

इग्निशन लावताच आला तर दोष विजेच्या वाटेत आहे: तुटलेली वायर, शॉर्ट, निघालेला कनेक्टर. ईसीयूला हे तपासायला इंजिन चालवावं लागत नाही. पाच-दहा मिनिटांत आला तर ऑक्सिजन सेन्सरचा हीटर किंवा इंजिन गरम झाल्यावर कळणारं काही. दोन-तीन दिवसांनी आला तर मिश्रण, हलकं मिसिंग किंवा कन्व्हर्टर. हे दोष सलग एकाहून अधिक फेऱ्यांत (इंजिन चालू करून, गाडी चालवून, बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय ईसीयू दिवा लावत नाही. फक्त पावसानंतर येत असेल तर पुन्हा तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीकडे जा.

दोष खरोखर गेला असेल तर रीसेट न करताही सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा बहुधा आपोआप विझतो. घाई नसेल तर ही वाट पाहणं सर्वात चांगलं, शिकलेलं काही पुसलं जात नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर सेल्फ मारू नका, रीसेटचा विचारही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात बसवून घेणं कठीण जातं. जमत असेल तर निगेटिव्ह काढा आणि टोइंगची वाट बघा.

ऑइल, तापमान किंवा बॅटरीचा लाल दिवा, एअरबॅग, ब्रेक, इमोबिलायझर (खरी चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) हे घरच्या रीसेटचे विषय नाहीत. डिझेलच्या रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तिथला पाइप ढिला करून बघणं म्हणजे हाताच्या कातडीतून डिझेल आत घुसवणं. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरल्याचा दिवा बॅटरी काढून जात नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलींना हात लावायचा नाही. सीएनजी किटच्या गॅसच्या बाजूचं काम किट बसवणाऱ्यानेच करावं.

थ्रॉटल किंवा पेडलचा कोड, जसा पी२१३५, आला आणि गाडी वेगच घेईना, तर ती सुरक्षेसाठी मुद्दाम रोखलेली असते. रीसेट करून मोठ्या रस्त्यावर नेऊ नका. पी०६०१ किंवा पी०६०६ हे ईसीयूच्या आतले दोष.

"ईसीयू गेला" असं कोणी सांगितलं तर नवा घेण्याआधी एक गोष्ट विचारा: ईसीयूच्या पॉवरच्या आणि अर्थच्या पिनांवर लोड देऊन व्होल्टेज मोजलं का? मोजलं नसेल तर दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. भंगारातला जुना ईसीयू स्वस्त पडतो, पण तो दुसऱ्या गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. नव्याने जुळवल्याशिवाय बहुतेक गाड्या त्यावर सुरूच होत नाहीत. जाताना कोड, फ्रीझ फ्रेमचा फोटो, मल्टिमीटरचे आकडे आणि दिवा रीसेटनंतर किती वेळाने परत आला हे कागदावर लिहून न्या.